वरच्या फळीवर सांगितलेलं

माझ्या बायकोला, हिल्काला, जाऊन सात महिने झाले होते आणि मला अजून काहीही झालेलं नव्हतं. मी रडलो नाही, झोप उडाली नाही, जेवण तुटलं नाही. तिची उरलेली औषधं आरोग्य केंद्रात परत देऊन आलो. तिचे हिवाळी बूट शेजारणीला बरोबर झाले म्हणून तिला दिले. अंत्यविधीच्या दिवशी पाद्रीबाईंनी माझा हात हातात घेऊन विचारलं, "कसं वाटतंय, तार्मो?" मी म्हणालो, "बूट चावतायत." ते खरंच चावत होते. पण ते आमच्या हेइनीने ऐकलं आणि तिथेच बिनसलं.

हेइनी आमची एकुलती एक. ती औलूला राहते, गाडीने चार तास. आधी दर रविवारी तिचा फोन यायचा. "कसा आहेस बाबा?" "बरा आहे." "आईची आठवण येते?" "येते की." मग मी हवामान सांगायचो. एकदा ती फोनवरच फुटली. "आई मेली आणि तू मला तापमान सांगतोस! तुझं तिच्यावर प्रेम तरी होतं का रे?" मी म्हणालो, "उणे दोन म्हणजे या दिवसांत जास्तच आहे."  ऑगस्टपासून फोन बंद झाला.

माझ्या मनात काही नाही असं तिला वाटायचं. तेवढंच असतं तर मी निभावून नेलं असतं. पण मनात जे होतं ते तिला कळलेलं नव्हतं, आणि कळायला हवं होतं.

मार्चमधल्या एका गुरुवारी हिल्का म्हणाली, मला सौना हवाय. नर्सने नको सांगितलं होतं. मी तरी आमच्या अंगणातला सौना, ती वाफ घ्यायची लाकडी खोली, तापवला, पन्नास अंशांच्या वर जाऊ दिला नाही. तिला उचलून नेलं. वजन काही राहिलंच नव्हतं. आत बसायला पायऱ्यांसारख्या फळ्या असतात, वर जावं तितकं गरम; खालच्या फळीवर बसवून तिची पाठ धुतली. तेव्हा ती म्हणाली, "हेइनीला बोलव. उद्याच बोलव." मी म्हणालो, "रस्त्यावर बर्फाची काच झालीय. रविवारी ये म्हणून सांगतो."  एकतीस वर्षं मी त्याच रस्त्यावरून बर्फ काढायची गाडी चालवली आहे, आणि त्या दिवशी रस्ता कोरडा होता. मला माहीत होतं आणि तिलाही माहीत असणार. पण फोन केला असता तर ती मरणार हे पक्कं झालं असतं, आणि ते मला पक्कं करायचं नव्हतं. शनिवारी सकाळी ती गेली. हेइनीला मी सांगितलं, झोपेतच गेली, काही बोलली नाही.

ऑक्टोबरमध्ये मिन्तू आली. तिशीतली, लोकरीची टोपी, हातात वही. माहितीपट करत होती. विषय काय, तर पुरुष सौनात मन मोकळं करतात. कुठून कळलं तिला, देव जाणे. आमच्या गावच्या तळ्याकाठी एक सार्वजनिक सौना आहे, लाकडावर तापणारा. दर गुरुवारी पाच ते सात आम्हा पुरुषांची वेळ. तिथे मी तीस वर्षं जातोय. तिथल्या गप्पांपैकी निम्म्या बोटींच्या इंजिनाबद्दल असतात आणि उरलेल्या निम्म्या कुणाच्या तरी गुडघ्याबद्दल.

"तुम्ही कॅमेऱ्यासमोर बोलाल का?" तिने मला विचारलं.

"'तुम्ही' काय म्हणतेस, मी काय बिशप आहे?"

"बरं, तू बोलशील का?"

मी हो म्हणालो. कालेर्वो माझ्याकडे बघतच राहिला. कालेर्वो कागद कारखान्यात होता, आता निवृत्त आहे, आणि गावात कुणाच्या तोंडाला कुलूप नसेल तर ते त्याच्या. "तार्मो बोलणार?" तो म्हणाला. "मग मी हेलसिंकीला बॅले नाचायला जातो."

मी हो का म्हणालो ते सांगतो. मला त्याचा अभिमान नाही. मी हिशेब असा केला की वाफेत बसून बोलायचं, ते पडद्यावर जाईल आणि हेइनी ते बघेल. मला तिच्या तोंडाकडे बघून सांगावं लागणार नाही. वरच्या फळीवर जे बोललं जातं त्यावर आमच्याकडे कुणी उलट प्रश्न विचारत नाही. मला वाटलं, पडद्यालाही कुणी विचारणार नाही.

चित्रीकरणाच्या दिवशी दुपारपासूनच कॅमेरा टॉवेलमध्ये गुंडाळून खालच्या फळीवर ठेवला होता. एकदम गरमीत नेला तर काचेवर धुकं धरतं म्हणे, म्हणून त्याला हळूहळू तापवत आणायचं. कॅमेरावाल्या पोराला कालेर्वोने आधीच बजावलं होतं की आत कपडे घालून कुणी येत नाही. बिचारा उघडा होऊन कोपऱ्यात उभा राहिला, पाठीला कढत भिंत लागून दर पाच मिनिटांनी उड्या मारत. कालेर्वो कॅमेऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "याचाही टॉवेल काढ. इथे लाजायचं नाही." मिन्तू बाहेर कपडे बदलायच्या खोलीत कानाला यंत्र लावून बसली होती. पुरुषांच्या वेळेला ती आत येणार कशी?

आधी कालेर्वो बोलला. एका बोटीवरून त्याचं आणि भावाचं बिनसलं होतं, अठरा वर्षं बोलले नाहीत, आणि भाऊ गेला तेव्हा बोट शेडमध्ये कुजून पडली होती. बोलता बोलता तो हमसाहमशी रडला. आम्ही कुणी त्याला असं बघितलं नव्हतं. मग आमच्यातला सुलो बोलला. कारखाना बंद पडल्यावर तो दोन वर्षं रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडायचा आणि तळ्याकाठी गाडीत बसून राहायचा, बायकोला कळू नये म्हणून. हे मला माहीत होतं. मी त्या रस्त्याने गाडी घेऊन जायचो आणि रोज त्याला हात करायचो. आम्ही त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही कधी.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी वरच्या फळीच्या टोकाला बसतो. पाण्याची बादली आणि पळी माझ्याकडे असते. किती पाणी, कधी टाकायचं, ते मी बघतो. आमची एक रीत आहे. बोलणं जड झालं की तापलेल्या दगडांवर एक पळी पाणी टाकायचं. दगड फुत्कारतात, वाफ अंगावर येते, माना खाली जातात, आणि कुणाला काही उत्तर द्यावं लागत नाही. तीस वर्षं मी लोकांची अशी सोय केली आहे.

मी म्हणालो, "गुरुवार होता." पळी टाकली. म्हणालो, "मी तिची पाठ धुतली." पळी टाकली. "ती म्हणाली, हेइनीला बोलव." पळी. असं करत सगळं सांगितलं, रस्ता, शनिवार, काही बोलली नाही हे खोटं, सगळं. आवाज कापला नाही. कुणाला पत्ता सांगावा तसं सांगितलं. शेवटी इतकं तापलं की सुलो उठून खाली जाऊन बसला. कालेर्वो माझ्याशेजारीच होता. तो कान भाजू नयेत म्हणून ते पकडून वाकून बसला होता. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "आणखी एक टाक." आमच्याकडे याहून जास्त सांत्वन होत नाही.

हलकं वगैरे काही वाटलं नाही. काम झालं एवढंच वाटलं. घरी जाऊन सॉसेज तळून खाल्लं.

हिवाळा गेला. एप्रिलमध्ये मिन्तूने कळवलं, माहितीपट तयार आहे, पहिल्यांदा तुमच्याच गावात दाखवणार, कामगार भवनात, रविवारी दुपारी दोनला. मी हेइनीला फोन केला. आठ महिन्यांनी.

"माहितीपट आहे. मी आहे त्यात. ये."

"तू? सिनेमात?"

"उघडा आहे."

ती हसली. मग म्हणाली, येते.

ती आली तेव्हा मला तिच्या केसांत पांढरं दिसलं. ते आधी नव्हतं, की मी बघितलं नव्हतं? आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. दिवे गेले. माझे तळवे कोरडे होते, छाती शांत होती, आणि मी मोजत होतो की माझी पाळी कितवी. कालेर्वो आला, मोठ्या पडद्यावर त्याचं रडणं आणखी मोठं झालं. बायका नाक पुसायला लागल्या. सुलो आला. मग मी आलो.

माझी पाठ आली. एवढी मोठी पाठ, तिच्यावरचे तीळ, आणि तो पळी उचलणारा हात. फुत्कार. पुन्हा हात, पुन्हा फुत्कार. वाफेत पाठ दिसेनाशी होते, पुन्हा दिसते. मिनिटभर एवढंच. मग तळं आलं, तळ्यावर धुकं आलं, आणि नावं वर सरकायला लागली.

मी वाट बघत होतो. नावं संपली तरी बघत होतो.

अंधारातच हेइनीने माझा हात धरला. तिचा हात ओला होता. "बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "मी मूर्ख आहे. वर्षभर मी तुझ्यावर चिडून बसले की तू बोलत का नाहीस. तुला बोलताच येत नाही रे. ती पाठ बघितली ना... मला कळलं. नको बोलूस. मी करत जाईन फोन. तू तापमान सांग." ती रडत हसली. "जूनमध्ये मुलांना घेऊन येते. पंधरा दिवस राहू."

मी म्हणालो, "बरं." मुलं येतील, मधल्या खोलीत गाद्या घालायच्या, मच्छरदाणी आणायची, एवढं सगळं डोक्यात आलं. आणि मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही.

मागच्या बाजूला कॉफी मांडली होती. सगळे कालेर्वोची पाठ थोपटत होते. तो वेलचीचा पाव तोंडात कोंबून आमच्याकडे आला, तेवढ्यात मिन्तूही आली आणि तिने मला मिठीच मारली. मला मिठ्यांची सवय नाही. मी कप धरून उभा राहिलो.

"तार्मो, तुझा प्रसंग सगळ्यांत भारी झालाय," ती म्हणाली. "मला आधी फार वाईट वाटलं होतं. तू एवढं बोललास, आणि प्रत्येक वाक्यावर पाणी टाकलंस! नुसता फुत्कार. दोन शब्द धड ऐकू येईनात. मग मी म्हटलं, शांतताच ठेवू या. आणि बघ ना, लोक त्यावरच रडले."

हेइनीने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बोलला? काय बोलला हा?"

"नाही ना कळलं," मिन्तू म्हणाली. तिला कुणीतरी हाक मारली आणि ती गेली.

"काय बोललास बाबा?"

कालेर्वोचं चावणं थांबलं. त्याने सगळं ऐकलेलं होतं, शब्द न् शब्द. ज्याच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं त्या माणसाने सहा महिने गावात यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. तो पाव गिळून म्हणाला, "अगं काय बोलणार? दगड बदलायला हवेत, फुटायला आलेत, हेच. याचं दगडांचं पुराण आम्ही तीस वर्षं ऐकतोय." आणि मला डोळ्यांनी म्हणाला, घे, दार उघडं आहे.

मी घेऊ शकलो असतो. हेइनीला पटलंही असतं. ती हसायच्या बेतात होती आणि माझा हात अजून तिच्या हातात होता. जून होता, मुलं होती, रविवारचे फोन होते. आणि ते सगळं एका पाठीला मिळालं होतं. ती मी नव्हतो. असं कळलं म्हणून मी फार शहाणा झालो अशातला भाग नाही. तिने इतक्या प्रेमाने बघितलं की ते मला सहन झालं नाही, एवढंच.

"दगडांचं नाही," मी म्हणालो. अंगात कोट होता, हातात कॉफी होती, आजूबाजूला माणसं पाव खात होती. पाणी टाकायला काही नव्हतं. "आईने तुला बोलवायला सांगितलं होतं. उद्याच बोलव म्हणाली. मी बोलावलं नाही."

कालेर्वो मागे सरकला.

हेइनी हसत होती ती तशीच राहिली, चेहरा बदलायला तिला वेळ लागला. "कधी?"

"गुरुवारी."

"ती शनिवारी गेली."

"हो."

"झोपेत नाही?"

"झोपेतच. पण आधी बोलली होती. तुझं नाव घेतलं होतं."

ती मोजत होती. मला दिसत होतं, औलूपासून इथपर्यंत ती एकेक तास मोजत होती.

"दोन दिवस होते, बाबा," ती म्हणाली.

तिने माझा हात सोडला. जोरात नाही, नुसता सोडला, आणि तो माझ्याच मांडीवर येऊन आपटला. तेव्हा मला दुखलं. छातीच्या मधोमध, इतकं की मी कप खाली ठेवायला टेबल शोधायला लागलो आणि मला टेबल दिसेना.