गेरूचे आकडे

माझ्या नातीचं नाव पूर्वी, यंदा नववीत. शाळेतून कागद आला होता, प्रकल्पातून कोणती कौशल्यं शिकलात ते दहा ओळींत लिहा.

प्रकल्प म्हणजे आमच्या उमेळ्याच्या वाडीतली झाडं मोजायची. पोरीने आठ दिवस खपून एकेका बुंध्यावर गेरूने लाल आकडा घातला. वहीत आकड्यापुढे झाडाचं नाव, घेर, दोन झाडांतली पावलं. मी म्हटलं, छान दिसतंय. अक्कल माझीच कमी पडली. शेजारच्या जागेत इमारत उठायची होती. तिथल्या तोडायच्या झाडांवरही लालच आकडे, आणि मधलं कुंपण बुलडोझरने केव्हाच झोपवलेलं.

सोमवारी सकाळी मी केळीची पानं कापत होते. मशीनची करवत घरघरली आणि माझ्या सासूने लावलेला फणस आडवा झाला. मागोमाग सोनचाफा. माझा मुलगा नीलेश, पूर्वीचा बाप, धावला. मशीनवाल्याची गचांडी धरून त्याला पडलेल्या कुंपणाच्या तारेवर आपटलं. दुसऱ्याने मागून नीलेशच्या डोक्यात पहार घातली. डोकं फुटतं तेव्हा नारळासारखा आवाज येतो म्हणतात. खोटं आहे. ओला येतो.

तोडीचा मुकादम अँथनी, माणिकपूरचा. लहानपणी माझ्या वाडीतली बोरं खाऊन वाढलेला. हात वर करून तो पुढे आला. कशाला आला ते मी बघितलं नाही. कोयता हातातच होता, चालवला. त्याची दोन बोटं पानांच्या ढिगात पडली.

नीलेशला अठरा टाके पडले. वाचला. अँथनीने इस्पितळातून जबानी दिली की आकडे बघूनच झाडं तोडली, आणि आपण पहार अडवायला गेलो होतो.

मी पूर्वीच्या हातात घासणी दिली. म्हटलं, उरलेल्या झाडांवरचे आकडे काढ, वही चुलीत घाल. चोर वाडीत शिरले आणि म्हातारीने जीव वाचवायला कोयता उचलला, एवढंच राहू दे. नाहीतर मी आत जाते.

ती जागची हलली नाही. "आजी, अँथनीकाकाने पहार धरली होती. म्हणून बाबांना दुसरा घाव बसला नाही."

"तू लांब होतीस."

"मी एकविसाव्या झाडाखाली होते. फणस बाविसावा. सहा पावलं."

मी तिच्या तोंडात मारली. ओठ फुटला. ती रडली नाही, हे जास्त झोंबलं. घासणी खाली ठेवून ओट्यावर बसली आणि शाळेचा कागद पुढे ओढला. काय लिहितेस, म्हटलं. वाचून दाखवलं तिने: मी मोजायला शिकले. पण आकडे घालण्याआधी शेजारी जाऊन सांगायचं असतं, हे शिकले नाही. त्यामुळे माझ्या बाबांचं डोकं फुटलं आणि अँथनीकाकाची बोटं गेली.

कोयता कोणी चालवला, ते तिने लिहिलं नव्हतं. सगळं आपल्याच अंगावर घेतलं होतं कार्टीने.

मी लुगडं बदललं, वही घेतली आणि तिला घेऊन रिक्षाने पोलीस ठाण्यावर गेले. ती सुजल्या ओठाने शेजारी उभी राहिली. मी सगळं सांगितलं, पहार कोणी धरली तेही. हवालदार भला होता, मला वाट काढून देत होता. म्हणाला, आजी, घाबरून झालं असेल ना तुमच्याकडून?

"घाबरून नाही. रागाने. तसंच लिही."