सार्जंटला बी रुजेना

मर्व्ह ट्रँटरने आयुष्यात गांजाची किती झाडं उपटली, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. सव्वीस वर्षं पोलिसात, त्यातली बावीस गांजासाठी नावाजलेल्या निंबिन गावाच्या मागच्या डोंगरात. हेलिकॉप्टरमधून उतरायचं, झाडीत घुसायचं, मुळासकट उपटायचं, ढीग घालायचा आणि पेटवायचा. पण एक बी रुजवायची पाळी आली तेव्हा या पठ्ठ्याला ती रुजवता येईना. आता यात काय मोठी विद्या आहे का हो? ज्याला मटकीला मोड आणता येतात त्याला हेही येतं. रात्रभर कपात भिजवायची, ओलसर फडक्यात गुंडाळायची, दोन बशांमध्ये झाकून उबेला ठेवायची आणि पाठ फिरवायची. तीन-चार दिवसांत पांढरं मूळ बाहेर. आमच्या खोऱ्यातल्या दात पडलेल्या म्हाताऱ्यासुद्धा हे बोलता बोलता करतात.

मर्व्हला जमेना, आणि जमायला तर हवंच होतं. त्याच्या बायकोला, नोलीनला, पोटाचा कॅन्सर होता. डॉक्टरांनी "वर्षभर धरून चला" म्हणून सांगितलं होतं. ते वर्ष अन्नाविना कसं काढायचं, ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं. औषधांनी तिला इतकी ओकारी यायची की चमचाभर सूप पोटात ठरत नसे. शेवटी एका नर्सने हळूच सुचवलं, गांजा घालून बिस्किट करून बघा. नोलीन मोठी धीट. चर्चला जायची निळी टोपी चढवून ती थेट निंबिनच्या रस्त्यावर गेली आणि पुडी घेऊन आली. त्या दिवशी ती वाटीभर भोपळ्याचं सूप प्यायली, वर टोस्ट खाल्ला. मर्व्ह सिंकपाशी पाठ करून रडला.

दुसऱ्या खेपेला तिला कुणीतरी ओळखलं. "अरे, ही तर सार्जंटची बायको!" रस्त्यावरचे रिकामटेकडे खो खो हसले. पुडी काही मिळाली नाही. कॅमेऱ्याच्या फिल्मच्या रिकाम्या डबीत वीस बिया घालून त्यांनी तिच्या हातावर ठेवल्या. "नवऱ्याला म्हणावं, आमची एवढी उपटलीस, आता एक लावून दाखव."

नोलीनने घरी येऊन हे हसत हसत सांगितलं. "लावशील ना रे, सार्जंटसाहेब? या जिल्ह्यात तुझ्याइतकी झाडं कुणी हाताळलीयत?"

"लावतो की. त्यात काय आहे?" मर्व्ह म्हणाला.

पहिल्या सात बिया त्याने मागच्या धुण्याच्या खोलीत, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर बशीत पाणी साचलेलं आणि बिया बुळबुळीत, दाबल्या की फुटणाऱ्या. त्याने डोकं खाजवलं. फडकं आपण पिळूनच ठेवलं होतं, याची त्याला पक्की खात्री होती. दुसऱ्या सात बियांचं फडकं त्याने दोन्ही हातांनी करकचून पिळलं. चौथ्या दिवशी पुन्हा तेच. बशी काठोकाठ भरलेली, आणि खोलीत ओढ्याच्या गाळाचा वास.

उरल्या सहा. त्या भिजवायला काढायच्या म्हणून तो सकाळी नऊ वाजता, चांगल्या लख्ख उन्हात, धुण्याच्या खोलीत गेला. तिथे उपड्या बादलीवर रोरी फेन बसला होता.

तोच चौकटीचा शर्ट, अंगाला चिकटलेला. पायात एकच बूट. कोपरांवरून पाणी ठिबकत होतं आणि खाली मांडलेल्या रिकाम्या बशीत पडत होतं. रोरीचं मर्व्हकडे लक्षही नव्हतं. आगगाडीची वाट बघत बसलेल्या माणसासारखा तो आपला बसून होता.

मर्व्हची पाचावर धारण बसली. पण सव्वीस वर्षांची सवय तोंडात होती, तीच बाहेर आली. "चल, हो बाहेर. ऊठ."

"कुणाशी बोलतोयस रे?" आतून नोलीनने विचारलं.

"नळाशी. गळतोय मेला."

तो पुन्हा वळला तेव्हा बादलीवर कुणी नव्हतं. बशीत पाणी मात्र होतं. त्याने ते बोट बुडवून पाहिलं, गार होतं.

रोरी फेनला मरून सोळा वर्षं झाली होती. तो पलीकडच्या डोंगरात राहायचा, खोऱ्यात त्याच्यासारखा बी रुजवणारा दुसरा नव्हता. एका फेब्रुवारीत, ओढ्याला पूर आला असताना, पोलिसांची धाड पडली. रोरी पळाला, ओढ्यात शिरला आणि वाहून गेला. सार्जंट ट्रँटरने दोर टाकला, पण त्याला तो धरता आला नाही, असं चौकशीत नोंदलं गेलं. मर्व्हला शौर्याचं प्रशस्तिपत्र मिळालं. नोलीन दर शनिवारी त्याची चौकट पुसायची.

रोरी बादलीवर दिसला त्याच दुपारी मर्व्हने डबी खिशात घातली आणि गाडी काढली. खोऱ्यात त्याला कुणी बी रुजवायला शिकवणार नव्हतं. एकच माणूस उरलं होतं, आणि तिचं दार त्याला जगातलं शेवटचं दार वाटत होतं. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, लाज तर त्याहून नसते. तो ऊना फेनकडे गेला, रोरीच्या बायकोकडे.

ऊना ओसरीवर मॅकाडेमियाची टणक कवचाची फळं फोडत बसली होती. हातोडी तशीच हातात ठेवून तिने वर पाहिलं.

"काय जप्त करायचंय?"

"निवृत्त झालो मी, ऊना."

"साप कात टाकतो, निवृत्त होत नाही. बोल."

मर्व्हने डबी तिच्या पुढ्यात ठेवली आणि नोलीनचं सगळं सांगितलं. ऊनाने हातोडी मांडीवर ठेवून बिया तळहातावर ओतल्या, बोटाने फिरवल्या. "बऱ्या आहेत. काळ्या, पट्ट्यांच्या, भरलेल्या. यांना काय धाड भरलीय न रुजायला? तू करतोस काय नक्की?"

त्याने सांगितलं.

"आणि उघडून किती वेळा बघतोस?"

मर्व्हने पायाजवळचं एक टरफल उचललं.

"किती वेळा, सार्जंट?"

"दर तासाला."

ऊना हसली, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. "म्हणजे तिथेही धाडी घालतोस! अरे, अंधारात काय चाललंय ते दर तासाला बघितलं तर बी जगेल कशी? आणि सुकेल म्हणून पाणी ओततोस, हो ना?"

"पाणी मी नाही ओतत."

"मग कोण?"

तो बोलून गेला. एरवी जन्मात बोलला नसता, पण रात्र रात्र झोप नाही, बायको समोर वाळत चाललेली, आणि जीभ सैल सुटली. "रोरी. रोरी ओततो. आज सकाळी आमच्या धुण्याच्या खोलीत बसला होता."

हातोडी मांडीवरून खाली पडल्याचा आवाज झाला. ऊना अगदी हळू म्हणाली, "रोरीने उभ्या जन्मात एक बी नासवली नाही. वैऱ्याच्या घरची असती तरी नासवली नसती. ती बशी भरणारा हात तुझाच आहे, मर्व्ह ट्रँटर. झोपेत भरत असशील नाहीतर जागेपणी. तुझ्याच्याने बुडवल्याशिवाय राहवत नाही. का राहवत नाही?"

मर्व्हने ओसरीचा खांब धरला.

"दोर टाकलास का तू?" तिने विचारलं. सोळा वर्षं तिच्या तोंडाशी येऊन परत फिरलेला प्रश्न होता तो.

"नाही."

"हातात होता?"

"हातात होता. खांद्यावरून काढून हातात घेतला होता मी. म्हटलं, जरा घाबरू दे याला. सारखा पळतो. दहापर्यंत मोजेन नि टाकेन. सातला त्याचा हात दिसत होता, ऊना. दहाला नव्हता."

ओढ्याचा आवाज तेवढा खालून येत होता. ऊना रडली नाही. तिने सहाही बिया परत डबीत घातल्या आणि डबी आपल्या एप्रनच्या खिशात टाकली. मर्व्हला वाटलं, संपलं. ही आता बिया चुलीत घालणार, आणि घातल्या तरी आपल्याला बोलायला तोंड नाही.

"या मी रुजवीन," ती म्हणाली. "रोपं इथे वाढतील. तोवर माझ्या मैत्रिणींकडून थोडंफार मिळेल, ते नोलीनला देईन. तिने माझं काही वाकडं केलेलं नाही. पण माझ्या घरचा घास तिच्या तोंडात जायच्या आधी तिने हे ऐकलं पाहिजे. तुझ्या तोंडून. एक अक्षर कमी नको."

"तिच्याकडे वर्ष आहे फक्त. एवढं वर्ष मला तिच्यापुढे माणूस म्हणून काढू दे ना, ऊना."

"मग उपाशी राहील ती. बघ बाबा, तुझं तू ठरव."

घरी जाताना त्याने दोनदा गाडी थांबवली. काहीतरी खोटं सांगता येईल का, याचा त्याने विचार केला. आता यावरून त्याला नावं ठेवायची तर खुशाल ठेवा, पण तुमच्या माझ्यात तरी असा कोण आहे की ज्याने तो केला नसता?

नोलीन स्वयंपाकघरात खुर्चीवर उशी घेऊन बसली होती. समोर अर्धं केळं होतं, कुस्करलेलं, न खाल्लेलं. मर्व्ह तिच्यापुढे उभा राहिला आणि त्याने सांगितलं. दोर, हात, मोजणं, सगळं. सांगताना तो चौकशीत उभा राहायचा तसा ताठ उभा होता.

नोलीनने केळ्याची बशी थोडी बाजूला सरकवली. "तुला आठवतं," ती म्हणाली, "तो गेला त्याच्या पुढच्या महिन्यात मला ऊना दुकानात भेटली होती. पिठाची पिशवी होती तिच्या हातात. मी तिचे दोन्ही हात धरले नि म्हटलं, बाई गं, माझ्या नवऱ्याने जिवाचं रान केलं हो, त्याच्या नशिबातच नव्हतं. त्यावर ती मला थँक यू म्हणाली. आभार मानले रे तिने माझे!"

"नोलीन..."

"सोळा वर्षं मी हेच गावभर सांगत फिरले. चर्चच्या चहाला सांगितलं, तुझ्या निरोपसमारंभात सांगितलं. आणि तू बाजूला उभा राहून केक खात होतास."

त्याने तिच्या खांद्याला लावायला हात पुढे केला. तिने खांदा काढून घेतला, हळूच, ताकदच नव्हती बिचारीच्या अंगात. "माझे बूट दे," ती म्हणाली. "मला ऊनाकडे सोड."

वाटेत ती खिडकीबाहेर बघत राहिली. ऊनाच्या फाटकाशी उतरताना तिने गाडीचं दार धरलं, मग फाटक धरलं, मग ओसरीचा कठडा. मर्व्ह मदतीला उतरला तर तिने मागे न बघता हात वर केला, थांब म्हणून. तो थांबला. बायका दारात काय बोलल्या ते त्याला ऐकू आलं नाही. नोलीन बोलत होती आणि ऊना मान खाली घालून ऐकत होती. मग दोघी आत गेल्या आणि दार लागलं.

संध्याकाळी ऊना फाटकापर्यंत आली. "ती इथेच राहतेय. तिचा झोपायचा गाऊन आणि औषधं घेऊन ये."

"कधीपर्यंत?"

"ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही."

चौथ्या दिवशी तो कपडे घेऊन गेला तेव्हा ऊनाने सांगितलं, सहातल्या चार आल्या. अर्ध्या बोटाएवढी पांढरी मुळं होती, नोलीनने स्वतः मातीत लावली, टोक खाली करून. मर्व्हने विचारलं, बघू का? ऊना म्हणाली, नको.

त्यानंतर तो दर गुरुवारी जाई. धुतलेले कपडे, चर्चचं पत्रक, नोलीनला आवडणारी आल्याच्या मुरंब्याची बरणी, असं काहीबाही घेऊन. एप्रिल उजाडला. घरामागची झाडं ऊनाच्या डोक्यावर गेली होती, वारा फिरला की त्यांचा उग्र वास फाटकापर्यंत येई. हा वास मर्व्हला चांगला ठाऊक होता, पण इतका वेळ उभं राहून त्याने तो कधी घेतला नव्हता.

"जेवते का गं ती?" त्याने विचारलं.

"दोनदा जेवते. काल मटण खाल्लं, वर पुडिंग मागितलं."

"बरं झालं." त्याला पुढचं बोलता येईना, तरी तो बोलला. "मला भेटेल का ती? पाच मिनिटं. विचार ना तिला, ऊना. सात महिने झाले. डॉक्टरांनी वर्षच दिलंय."

ऊनाने पहिल्यांदाच त्याच्याकडे जरा बऱ्या नजरेने पाहिलं आणि ती आत गेली. ओसरीची खिडकी उघडी होती. आत चमचा बशीला लागल्याचा आवाज थांबला. मग नोलीनचा आवाज आला, चांगला खणखणीत, भरल्या पोटाच्या माणसाचा.

"अजून नाही म्हणावं."

ऊना बाहेर येऊन तेच सांगणार होती. मर्व्हने मान हलवली, ऐकलं म्हणाला, रिकामी पिशवी घडी करून काखेत धरली आणि पुढच्या गुरुवारी येतो म्हणून गाडीकडे वळला.