पडद्याची तार

मी जुनं ग्राफिक्स कार्ड आहे, मित्रांनो, आणि जिवंतपणीच माझ्यावर मेल्याचा शिक्का बसला होता.

जन्म कुठल्या तरी कारखान्यात झाला. त्याचं कौतुक सांगत नाही. कामाला लागलो तो गोंदियात, लोकेंद्रभाऊंच्या ऑफिसात. तिथे राइस मिलच्या यंत्रांचे नकाशे काढतात. नकाशे काढणारी ओमेश्वरी माऊस हलवायची आणि मी तिला अख्खी मिल पडद्यावर फिरवून दाखवायचो. सहा वर्षं मी हेच केलं. "दमदार कार्ड आहे," असं लोकेंद्रभाऊ गिऱ्हाइकांना सांगायचे.

यंदा पावसाळ्यात ओमेश्वरीचा पाय मोडला. ती बोदलकसा तलावाजवळ, आपल्या गावी पडून राहिली. दिवसा माझ्या कॉम्प्युटरवर भाऊ बसत, म्हणून संध्याकाळी सहानंतर ती घरच्या लॅपटॉपवरून, इंटरनेटने त्यात शिरायची. पहिल्याच दिवशी नकाशा उघडेना. 'ग्राफिक्स कार्ड सापडत नाही,' अशी पाटी आली.

सकाळी भाऊंनी पाहिलं, तर मी ठणठणीत. संध्याकाळी पुन्हा तीच पाटी.

खुशाल नावाचा मेकॅनिक आला. "कोंडा भरला असन," म्हणाला. गोंदियात काहीही बिघडलं की आधी मिलच्या कोंड्याचं नाव घेतात. त्याने मला ब्रशने झाडलं, पडदा लावून पाहिलं, मी चाललो. संध्याकाळी पुन्हा बंद. असं तीनदा झालं. चौथ्यांदा त्याने हात टेकले. "भाऊ, हे कार्ड खतम आहे. भंगारात द्या."

भाऊंनी ओमेश्वरीला फोन लावला. "मी बसलो तं चालते, तू बसली का बंद पडते. बहाणे नको सांगू. शनिवारी नकाशा नाही आला, तं तुझ्या खुर्चीवर दुसरा बसन."

शुक्रवारी भाऊ मिलवर गेले. कॉम्प्युटर मोकळा होता, म्हणून ओमेश्वरी दुपारीच आत शिरली. मी चाललो. नकाशा भराभर पुढे सरकला. सहा वाजता अचानक सगळं गेलं. तिने लगेच रोज सहाला ऑफिसात झाडलोट करणाऱ्या सुलोचनाबाईंना फोन केला.

"मावशी, आता कायले हात लावला तुमी?"

"कायलेच नाही, बाई. पडद्याची तार तेवढी काढली. रोजच काढून ठेवतो, सकाळी लावून देतो."

"काऊन?"

"मागं वीज कडाडली, पडदा जळाला. तवापासून साहेबाचाच हुकूम आहे."

"लावा बरं परत."

त्यांनी तार माझ्या पाठीत खोवली आणि ओमेश्वरीच्या लॅपटॉपवर चित्र परत आलं. पडदाच जोडलेला नाही, तर चित्र काढायचं कोणासाठी? म्हणून मी गप्प बसत होतो. माझ्यात बिघाड नव्हताच.

शनिवारी नकाशा पोचला. ओमेश्वरीची खुर्ची राहिली. खुशालने माझ्या पाठीत अंगठ्याएवढी एक खोटी पिन बसवली. आता पडदा काढला तरी मला तो जोडलेला वाटतो. भाऊंनी माफी मागितली नाही. चहा मागवला.

मित्रांनो, यंत्राला धुळीपासून आणि विजेपासून जपा, हे तर सगळेच सांगतात. मी एवढंच सांगतो: कोणाला भंगार म्हणण्याआधी आपणच दिलेला हुकूम आठवून पाहा. मला बोलता येत नव्हतं. सुलोचनाबाईंना येत होतं. त्या रोज त्याच खोलीत झाडू मारत होत्या, आणि त्या शुक्रवारपर्यंत कोणी त्यांना विचारलं नाही.