विहिणी सोलापूर बघायला निघाल्या

लग्नाला सात महिने झाले, तरी दगडाबाई आणि तिची विहीण सावित्रम्मा एकमेकींशी चार वाक्यांच्या पुढं कधी बोलल्या नव्हत्या. दगडाबाई वैरागची, सावित्रम्मा कर्नाटकच्या शिवेवरल्या दुधनीची. पोरांनी चिंचोळीच्या कारखान्यात एकमेकांना पसंत केलं आणि घरच्यांनी आधी डोळे वटारून, मग अक्षता टाकून ते मान्य केलं. आता सोलापूर दाखवायला म्हणून दगडाबाईच्या अभिमन्यूनं दोघींना मुद्दाम बोलावून घेतलं, तर रविवारी सकाळीच त्याला आणि त्याच्या बायकोला, शिवलीलाला, कंपनीतून फोन आला. जादा पाळी.

"चारला कंबर तलावावर येतो आमी. तवर तुमी दोघी फिरा," म्हणत त्यानं आईला आणि सासूला रिक्षात बसवलं.

रिक्षात दोघींच्या मधे सावित्रम्माची पिशवी होती. दगडाबाई आपल्या बाजूचा रस्ता बघत होती, सावित्रम्मा तिच्या बाजूचा. 'लई गर्वाची बाई,' दगडाबाईनं मनात म्हटलं. पहिल्यापासून तिचं हेच मत होतं.

सिद्धेश्वराच्या देवळात गर्दी बेताची होती. दर्शन झालं, तशी सावित्रम्मानं न विचारताच दगडाबाईच्या कपाळाला विभूती लावली. दगडाबाई जरा चमकली. तिथून दोघी किल्ल्यात गेल्या. तटाच्या पायऱ्या बघून सावित्रम्मा थबकली.

"गुडघा दुखतंय. तुमी जावा. मी हितं बसतो."

"बसतो?" दगडाबाईला हसू आवरलं नाही. "बसते म्हना की, विहीणबाई."

सावित्रम्माचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "म्हणून मी बोलत नाही. माझा मराठी चुकतो. लग्नात तुमचे लोक सगळे हसले की."

त्या हसणाऱ्यांत दगडाबाई स्वतः होती, मांडवाच्या कडेला, पदर तोंडाला लावून. गर्व कुठला? बाई बिचारी सात महिने लाजत होती.

"मी बी हसले व्हते," ती सरळ म्हणाली. "चुकलं माजं. आता आसं करा, मला कानडी शिकवा. मी चुकते, तुमी हसा. फिटंफाट."

सावित्रम्मानं तिच्याकडं नीट बघितलं. मग हात पुढं केला. "बर्री," ती म्हणाली. "म्हंजे या."

हाताला धरून, दर चार पायऱ्यांना टेकत दोघी तटावर चढल्या. खाली पाण्यात देऊळ दिसत होतं, जणू परातीत पाणी घालून मधोमध समई ठेवावी. वारा सुटला होता. पिशवीतनं कडक भाकरी निघाली, शेंगाची चटणी निघाली. दगडाबाईनं एक घास खाल्ला आणि चटणी कशात कुटली, लसूण किती घातला, सगळं विचारून घेतलं. ते सांगताना सावित्रम्मा आठ-दहा वेळा चुकली, पण थांबली नाही.

दुपारनंतर दोघी कंबर तलावावर आल्या. काठाला पायानं चालवायच्या नावा होत्या, बदकाच्या आकाराच्या.

"मला ते बदक पाहिजे," सावित्रम्मा म्हणाली.

"आन् गुडघा?"

"बसून चालायचं की. गुडघ्याला काय!"

नाव मधोमध गेली. दगडाबाईच्या हातात नाव वळवायचा दांडा होता आणि सावित्रम्मा दिशा सांगत होती. बलक्क म्हणजे उजवीकडं, यडक्क म्हणजे डावीकडं.

"यडक्क! यडक्क!"

"यडी कुनाला म्हंता?" म्हणत दगडाबाईनं दांडा उलटाच फिरवला आणि बदक सरळ कमळाच्या पानांत शिरलं. "अय्यो!" सावित्रम्मा ओरडली आणि मग हसायला लागली ती डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत. दगडाबाईच्या पदराचा निम्मा भाग पाण्यात भिजला. तिचंही हसू थांबेना.

काठावर शिवलीला धापा टाकत आली, मागून अभिमन्यू. दोघींचे फोन पिशवीत वाजून वाजून थकले होते.

"आई! अत्ती! अवो, बाहेर या की आता!" शिवलीला आईला आणि सासूला हाका मारत होती.

"दहा मिंटं हायत आमची अजून!" दगडाबाईनं तिकडनं ओरडून सांगितलं आणि विहिणीकडं वळली. "चला, बलक्क का यडक्क?"

सोमवारी सकाळची वैरागची गाडी दगडाबाईनं सोडून दिली. चादरीची दुकानं अजून बघायची राहिली होती, आणि सावित्रम्मा एकटीच गेली तर भाव कोण करणार?