डब्यातला दुसरा

आमच्या मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत २००८ साली संगणक आला आणि त्याच्यासोबत एक काळा डबा आला. त्याला राऊटर म्हणतात. टेलिफोनची तार त्याच्यात जाते आणि त्याच्यातून इंटरनेट संगणकात येतं. डब्यावर चार हिरवे दिवे होते.

गुडघा गेल्यावर मी होडी सोडली होती. सोसायटीनं मला कचेरीची चावी दिली. रोज सकाळी संगणकावर हवामानाचं पान लावायचं आणि त्यावरचं बंदरावरच्या फळ्यावर खडूनं उतरवायचं, एवढंच माझं काम. अक्षरं मी अठ्ठावन्नाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात शिकलो. पान मराठीत येई, फक्त वरची तारीख इंग्रजीत असे. ती मला वाचता येत नसे. म्हणून तारीख मी भिंतीवरच्या कॅलेंडरावरून लिहायचो आणि खालचा मजकूर पडद्यावरून. यात काही चूक आहे असं मला दीड वर्षात वाटलं नाही. फळा बरोबर निघत गेला, आणि लोकांनी रेडिओ लावणंही सोडलं.

पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरातली गोष्ट. शुक्रवारी भर दुपारी मी कचेरीत टेकलो होतो. बंदरावर कुत्रंही हलत नव्हतं. संगणकाचा प्लग मी स्वतः काढून ठेवलेला होता. तरी डब्याचे दिवे लुकलुकत होते. नेहमी ते सावकाश लागत-विझत, तसे नव्हे. घाईघाईनं काही बोलणं चालावं तसे. मध्येच थांबत, जणू पलीकडचं ऐकून घेत, आणि पुन्हा सुरू होत. मी डब्यावर हात ठेवला. अंड्यावर बसलेल्या कोंबडीच्या पोटासारखा तो ऊबदार होता.

कोणाला सांगितलं नाही. म्हातारा भ्रमला म्हणाले असते.

रविवारी सकाळी मी फळ्यावर लिहिलं : समुद्र साधारण. वारा नैऋत्येकडून, ताशी पंधरा ते वीस किलोमीटर. मासेमारीस हरकत नाही.

मासे विकणारी गोदूबाई पाटी घेऊन मागे उभी होती. तिला वाचता येत नाही. गुरुदास तिचा एकुलता एक. त्याची होडी तेवढी लांब, खोल पाण्यात जायची. बाकीच्यांचं काम काठाजवळ.

"दाजीनू, काय सांगता फळो?"

"साधारण."

"मगे जाता तो. घरात ऱ्हवलो काय माका कालवण शिकवूक बसता. त्यापेक्षा दर्यार बरो."

गुरुदास तीन गडी घेऊन गेला. खडू खाली ठेवताना माझ्या हाताला काहीतरी खटकलं. मी हळू लिहितो. एकेक अक्षर हातातून जातं, आणि गेलेलं हाताच्या लक्षात राहतं. हेच वाक्य मी काल लिहिलं होतं. परवाही. त्याच्या आदल्या दिवशीही. तोच वारा, तेच आकडे.

मी पाण्याकडे पाहिलं. दक्षिणेकडून लांब लांब, जाड लाटा येत होत्या. वर फेस नव्हता. वाऱ्याचा पत्ता नसताना अशा लाटा येतात, तेव्हा वारा मागून चालत येत असतो, हे मला शाळेत न जाताच ठाऊक होतं. आणि तरी मी साधारण लिहिलं होतं.

दहाच्या सुमाराला रॉविना चर्चमधली रविवारची मिसा आटोपून वाटेनं चालली होती. आमच्या गावातल्या इनासची मुलगी. कुडाळच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं नेटवर्क सांभाळायची. मी तिला हाक मारून संगणक बघायला बोलावलं.

"काय दाजीनू, ह्या वयात कॉम्प्युटराचो नाद लागलो?"

"नाद नाय गो. माका वाटता, त्या डब्यात कोणतरी आसा."

"भूत आसात तर पाद्रीक बोलवा. माका कित्याक?"

हसत हसतच ती खुर्चीवर बसली. हवामानाचं पान उघडलं आणि तिचं हसू गेलं. "दाजीनू, ह्या पान बुधवारचा आसा. तारीख बघा." मी पाहिली. त्या आकड्यांकडे मी दीड वर्षं पाहत होतो, पण वाचली अशी पहिल्यांदाच, तीही तिच्या बोटावरून.

मग तिनं डब्याचं स्वतःचं पान उघडलं. डब्यालाही पान असतं हे मला माहीत नव्हतं. त्यात तपासणीची एक चौकट होती. चौकटीत दुसऱ्या कुठल्या संगणकाचा पत्ता लिहायचा, डबा त्याला हाक मारतो आणि तो आहे की नाही ते सांगतो. रॉविनानं पत्ता लिहिला, पुढे एक खूण केली आणि खुणेपुढे इंग्रजीत आणखी काही. बटण दाबलं. डब्यानं हाक मारलीच, पण त्याखाली आपल्या पोटातल्या सगळ्या कामांची यादीही काढून दिली.

"पत्तो विचारलेलो, आणि ह्येनी घर उघडून दाखवल्यान," ती म्हणाली.

मला कळलं नाही. तेव्हा ती म्हणाली, "नारळी पुनवेक तुमी गाराणा घालतास. तुमचा वाक्य संपला काय सगळे काय म्हणतत?"

"व्हय म्हाराजा."

"मधीच कोणी तुमच्यासारखो आवाज काढून आपला एक वाक्य घुसवला तर?"

मी विचार केला. तीस वर्षं मी किनाऱ्यावर गाऱ्हाणं घालतो आहे. वाक्य थांबलं की लोक होकार देतात. काय बोललो ते किती जण ऐकतात, कोण जाणे. "तरी म्हणतले," मी म्हटलं.

"ह्यो डबो तसोच. हय फक्त पत्तो येवक व्हयो, ह्या तो बघणाच नाय. पत्त्याच्या मागसून कोणी हुकूम लिवलो तरी तो म्हणता, व्हय म्हाराजा." डब्यात कारखान्यातच भरून दिलेला जो प्रोग्रॅम असतो, ज्याला फर्मवेअर म्हणतात, त्यातच ही खोट होती. शिवाय डब्याच्या या पानाला बाहेरच्या जगाकडूनही दार होतं आणि त्याला कुलूप नव्हतं.

यादीतल्या एका ओळीवर तिनं बोट ठेवलं. "ह्या काम डब्याचा न्हय. बाहेरच्या कोणी ठेवलासा." आमची सगळी पानं आधी त्या माणसाच्या यंत्रावर जात होती आणि तिथून आमच्याकडे येत होती. खात्री करायला तिनं तीच यादी पुन्हा मागितली.

या वेळी यादीत एक ओळ जास्त होती. तिनं ती दोनदा वाचली. मग खुर्ची थोडी मागे सरकवली.

"काय झाला?"

"आता यादी मागलंय ती मी एकदाच. हय दोघांनी मागलेली दिसता."

"दुसरो कोण?"

"तोच. मी बघतंय काय त्याका कळला. आता तो बघता, हय कोण आसा."

कचेरीत आम्ही दोघंच होतो. बाहेर ऊन लख्ख पडलेलं. चारही दिवे एकदम विझले, क्षणभर तसेच राहिले, आणि मग शुक्रवारसारखे घाईघाईनं लुकलुकायला लागले. रॉविनानं हात पुढे करून डब्याची तार उपटली. त्यानंतरही काही वेळ आम्ही हळू आवाजातच बोलत होतो.

टेलिफोन चालू होता. तिनं बंदर खात्याला लावला. तिकडच्या माणसानं वैतागून सांगितलं, वादळाचा इशारा कालपासून पानावर आहे, तुम्ही बघत नाही काय? गुरुदासच्या मोबाईलला रेंज नव्हती. मी फळा पुसला, पण फळा पुसून समुद्रातली होडी परत येत नाही.

फोन नव्हते तेव्हा वारा बिघडला की आम्ही खडपावर, काठच्या उंच खडकावर, ओल्या झावळांचा धूर करायचो, म्हणजे लांबच्या होड्यांनी परतायचं. गोदूबाई, मी आणि रॉविना, तिघांनी झावळा ओढल्या. जाड पांढरा धूर बराच वेळ सरळ वर गेला. मग वारा आला आणि तो धूर पाण्यावर आडवा झाला.

गोदूबाई झावळा टाकत राहिली. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्याका आमका बुडवूचा होता काय गो?" मी रॉविनाला विचारलं.

"त्याका हय दर्यो आसा ह्याच ठावक नसतला. त्याका डबो व्हयो होतो, आपल्या कामाक. तुमची पाना त्याका नुसता वझा. म्हणान एकदा घेतलेला पान ताच ताच परत देय होतो."

ते ऐकून मला शुक्रवारच्या दुपारपेक्षा जास्त भीती वाटली. वैरी असता तर त्यानं निदान आमचं नाव घेतलं असतं.

होडी दिवस मावळायच्या बेताला दिसली. आत पाणी, जाळी तोडून टाकलेली, एका गड्याचा खांदा निखळलेला. पण चौघे होते. गोदूबाई कमरेएवढ्या पाण्यात गेली आणि तिनं गुरुदासच्या सदऱ्याला धरलं, ते किनाऱ्यावर येईपर्यंत सोडलं नाही.

मी विचारलं, "धूर दिसलो नाय?"

"दिसलो मा. बाराच्या आधीच दिसलो."

"मगे?"

"फळ्यार साधारण लिवलेला. मी म्हटलंय, कोणतरी कचरो जाळता." तो खाली वाळूत बसला. "दर्यो बिघडलेलो तोय दिसा होतो, दाजीनू. पण तुमी लिवलेला."

सोमवारी डबा बंदच होता. मी बंदर खात्याला फोन करून विचारलं आणि लिहिलं : वादळाचा इशारा कायम. समुद्रात जाऊ नये. रात्रीतून वारा पडला होता. पाणी ताटात ठेवल्यासारखं सपाट झालं होतं, ऊन होतं, आणि दक्षिणेकडे काहीही नव्हतं.

माणसं आली. पंधरा-वीस जण. त्यांनी फळा वाचला, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, आणि सगळे होड्या वर ओढायला लागले. गुरुदासही त्यांच्यात होता. कालची गोष्ट गावभर झाली होती. तरी हे कोणी लिहायला सांगितलं, कुठून आलं, हे मला एकानंही विचारलं नाही.

मी म्हटलं, "अरे, एकदा पाण्याकडे बघा तरी."

गुरुदासनं दोर खांद्यावर घेतला. "कित्याक? तुमी लिवल्यात मा," तो म्हणाला आणि समुद्राकडे पाठ करून ओढायला लागला.