डोरीनची होडी

पायांतलं बळ गेल्यापासून डोरीन फ्रीसन कॅनडातल्या विनिपेग शहरात एका खोलीत राहत होती. पलंग, कपाट आणि तिची चाकांची खुर्ची यांतच खोली संपत असे. पाहुणा आला तर दारातच उभा राही. उमेदीची सगळी वर्षं तिनं याच शहरात बर्फ तुडवत घरोघर पत्रं टाकली होती.

भाचीनं तिला डोळ्यांवर चढवायचं, आभासी जग दाखवणारं व्हीआरचं यंत्र पाठवलं. पहिले खेळ तिनं वैतागून सोडले. कुठे वाका, कुठे उडी मारा. मग होडीचा खेळ सापडला. होडीत सगळे बसूनच असतात. यंत्रासोबतच्या दोन मुठी हातात धरून फिरवल्या की वल्हं पाण्यात जाई आणि ती तळ्यावर दूरवर निघे.

फक्त डावा हात भिंतीवर आपटे. एका दुपारी दार वाजलं. शेजारचे ओरेस्ट हालचुक; वयस्कर, अबोल गृहस्थ. आता भिंतीवरच्या आवाजावरून बोलणी बसणार म्हणून तिनं आधीच माफी मागितली आणि काय चाललंय ते सांगून टाकलं.

ते खोली न्याहाळत राहिले. म्हणाले, "कपाट कोपऱ्यात सरकवलं तर खुर्ची मधोमध येईल."

"मला नाही हो हलत ते."

"तुम्हाला कोण सांगतंय?"

त्यांनी बाहीसुद्धा न दुमडता कपाट ढकललं, पलंग फिरवला, खुर्ची हलू नये म्हणून चाकांखाली जुनी सतरंजी घातली. मग तिला हात पसरायला सांगितलं. डोरीननं दोन्ही हात पूर्ण पसरले. कशालाच लागले नाहीत. तिचे डोळे भरून आले. तिनं यंत्र उचलून त्यांच्यापुढे धरलं.

ते डोळ्यांवर चढवून, पलंगाच्या कडेला बसून त्यांनी बराच वेळ वल्हं मारलं.

"मी गोल गोल फिरतोय."

"एकाच बाजूनं मारताय. थोडं दुसरीकडूनही मारा."

पुढच्या महिन्यात त्यांनी मुलाकडून स्वतःसाठी तसंच यंत्र मागवलं. आता रविवारी जेवणं झाली की दोघं आपापल्या खोलीत बसतात आणि यंत्रातून एकाच तळ्यावर भेटतात. ओरेस्ट फार सावकाश वल्हवतात. डोरीन वळणापर्यंत पुढे जाते, होडी थांबवते आणि मागे पाहते. पायांतलं बळ गेल्यापासून इतकी वर्षं लोकच तिच्यासाठी थांबत आले होते.

"घाई करू नका," ती म्हणते. "मी आहे इथे."