गळ्यातला पट्टा

मच्छिंद्रला त्या जीपचं वेड होतं, आणि वेडही कसलं, खुळंच म्हणायचं. लष्कराच्या लिलावातला सांगाडा आणून त्याने श्रीगोंद्याजवळच्या आपल्या गावात ठोकून-ठाकून उभा केला. एरवी जीप बाजाराच्या फेऱ्या मारी आणि बहुतेक वेळा ती त्याचा मेव्हणा आसारामच हाकी. शर्यत ठरली की मात्र मच्छिंद्र कोणाला हात लावू देत नसे. मग टप निघे, मागची बाकं निघत, जादा चाक निघे, सायलेन्सरसुद्धा उतरे. गाडी हलकी होई आणि गावाचे कान किटत.

बहात्तर साली विहिरींनी तळ गाठला, तरी हा नाद काही सुटला नाही. गावाबाहेरच्या सरळ सडकेवर दोन गाड्या शेजारी उभ्या राहायच्या आणि पुढच्या मैलाच्या दगडापर्यंत सुटायच्या. या खेपेला संगमनेरहून श्रीमंत नावाचा गडी फियाट घेऊन आला होता.

मच्छिंद्रकडे एक युक्ती होती. गाड्या सुटायच्या आधी तो बॉनेटमध्ये डोकं घालून फॅनबेल्ट काढून घ्यायचा. पंखा आणि पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर फिरतात. त्यांचं ओझं गेलं की इंजिनाची सगळी ताकद चाकांना मिळते. मैलभर हे खपून जातं, पुढे पाणी उकळतं आणि इंजिन जाम होतं. ही गोष्ट बाहेर फुटू नये म्हणून त्याने आसारामलाही सांगितली नव्हती. एवढी हुशारी माणसाला असू नये.

जीप जिंकली. फियाटचा क्लच जळाला, तेव्हा पोरांनी ती ढकलत फाट्यावरच्या हॉटेलापाशी नेली. मच्छिंद्रने जीप गावात देवळाच्या सावलीला लावली आणि पट्टा शर्टाच्या आत सारला. इंजिन निवलं की चढवू म्हणाला, आणि कौतुक ऐकायला फाट्यावर गेला. कौतुकातून लवकर उठवत नाही. भजी झाली, दोनदा चहा झाला. गावातून आलेली नगरची एसटी समोरून निघून गेली, तरी हा बसलेलाच.

"मच्छिंद्र, आता तरी सांग," श्रीमंत म्हणाला. "तुझ्या गाडीत हाय तरी काय?"

"काय हाय ते नगं इचारू. काय न्हाई ते इचार."

त्याने शर्टातून पट्टा काढला आणि हारासारखा गळ्यात घातला. सगळे खो खो हसले. इतका आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता.

तेवढ्यात गावाकडून जीपचा आवाज आला. आसाराम चालवत होता. मागे उघड्या पत्र्यावर मच्छिंद्रची बहीण राहीबाई आडवी होती, आणि तिची सासू चांगुणाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मच्छिंद्र ओरडत सडकेवर धावला. सायलेन्सर नसलेल्या गाडीत आसारामला काय ऐकू येणार? जीप नगरच्या दिशेने निघून गेली.

मच्छिंद्रने हॉटेलवाल्याची सायकल घेतली. छाती फुटेस्तोवर पाय मारले. सडकेवर दुसरं वाहन नव्हतं. शेवटी चढावर जीप दिसली. बॉनेटमधून वाफ निघत होती आणि आजूबाजूच्या नाल्यांत पाण्याचा थेंब नव्हता. असता तरी उपयोग नव्हता, इंजिन जाम झालं होतं.

राहीबाई चांगुणाबाईच्या मांडीवरच होती. पाय काळानिळा पडला होता. डोळे मिटले होते, आणि चांगुणाबाई पदराने तिच्या तोंडावरचा फेस पुसत होती, जसं काही त्याने काही होणार होतं.

"कडब्यात नाग हुता," आसाराम म्हणाला. तो रस्त्यावरच बसला होता. "येष्टी थांबवली हुती म्या. दवाखान्यात न्यायला. राहीच म्हनली, येष्टी गावोगाव थांबल. माझ्या दादाची गाडी आज पयली आलीया, तिच्यातनं चला."

मच्छिंद्र सायकल धरून तसाच उभा राहिला. आसारामने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि त्याची नजर गळ्यापाशी थांबली.

"ते गळ्यात काय हाय?"

खोटं बोलावं असं मच्छिंद्रला फार वाटलं. पण आसाराम गाडी चालवणारा माणूस होता.

"हिचाच पट्टा हाय, दाजी," तो म्हणाला.